मोटारीच्या हवानळीसाठी धातूची निवड

तांबे मऊ, पोलाद बळकट, ॲल्युमिनियम हलके, असे धातूंचे गुणधर्म आपण एकेक करून पाठ करतो. परंतु प्रत्यक्ष कामासाठी त्यांतील एकाची निवड करावयाची झाल्यास हे पाठांतर अपुरे पडते. बसगाडीची हवानळी हे याचे उत्तम उदाहरण होय.

पूर्वी बसगाड्यांचा भार पोलादी पाट्यांवर असे. १९५३ साली अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने आपल्या बसगाड्यांत पाट्यांऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या बसविल्या. आज लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत हीच योजना असते. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो, तेथून ती नळ्यांवाटे पिशव्यांत जाते. उतारू वाढले की झडप अधिक हवा आत सोडते व गाडीची उंची कायम राहते. ब्रेकही बहुधा याच कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. पिशवीची नळी गळाली तरी ब्रेकची हवा जाऊ नये म्हणून मध्ये संरक्षक झडप असते. तथापि नळी तुटताच गाडी कलते, आणि भरल्या गाडीत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

प्रथमदर्शनी वाटेल, सर्वांत बळकट धातू घ्यावा. थोडे गणित करून पाहू. हवेचा दाब दर चौरस मिलिमीटरला सुमारे ०.८ न्यूटन असतो. नळीचा आतला व्यास १० मिलिमीटर व भिंतीची जाडी १ मिलिमीटर धरू. दाबास व्यासाने गुणून जाडीच्या दुपटीने भागले असता भिंतीवरील ताण ४ न्यूटन येतो. मऊ तांबेदेखील सुमारे २०० न्यूटनपर्यंत तुटत नाही, म्हणजे ते पन्नासपट बळकट ठरले! तेव्हा नळीचा खरा शत्रू दाब नव्हे. आतले पाणी, बाहेरचे मीठ आणि रस्त्याची थरथर हे तिचे तीन शत्रू होत.

दाबलेली हवा तापते व पुढे निवताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते वेळोवेळी काढून टाकले नाही, तर साधी पोलादी नळी आतून गंजते. बाहेरून दिलेला मुलामा तेथे उपयोगी पडत नाही. तांबे असे गंजत नाही व सहज वाकते. परंतु तांबट भांडे ठोकताना ते मधूनमधून भट्टीत का तापवितो? ठोकल्याने तांबे कडक होते व न तापविल्यास तडकते म्हणून. सतत हादरणारी नळीही अशीच सांध्याजवळ कडक होऊन चिरते, आणि तिला भट्टी कोण दाखविणार? ॲल्युमिनियम हलके खरे, परंतु पितळी सांध्याशी गाठ पडून वर खारे पाणी आले की तेथे विद्युत्घटच तयार होतो व ॲल्युमिनियम झिजते. स्टेनलेस पोलाद टिकाऊ असले, तरी ते वाकविण्यास व त्याचा सांधा घट्ट बसविण्यास कसबी हात लागतो. शिवाय पकडपट्टीखाली मीठ साचल्यास त्यासही बारीक खड्डे पडतात.

आपल्या गोव्यासारख्या किनारपट्टीवर, जेथे खारे वारे आणि दीर्घ पावसाळा दोन्ही आहेत, तेथे ९० भाग तांबे व १० भाग निकेल यांचा मिश्रधातू अधिक योग्य वाटतो. जहाजांत समुद्राचे पाणी वाहणाऱ्या नळ्या याच धातूच्या करतात. तो तांब्याप्रमाणे वाकतो, पण थरथर त्याहून अधिक सोसतो. किंमत मात्र जास्त पडते.

आज पुष्कळ ठिकाणी नायलॉनच्या नळ्या वापरतात. परंतु कॉम्प्रेसरमधून नुकतीच निघालेली हवा फार तापलेली असते, तेथे सामान्यतः धातूची किंवा उष्णता सोसणारी खास नळी लागते. आणखी एक नियम ध्यानी ठेवावा. आस व सांगाडा यांच्यामध्ये, जेथे सतत हालचाल असते, तेथे कोणताच कडक धातू चालत नाही, लवचीक रबरी नळीच हवी. धातूची नळी सांगाड्याला जवळजवळ पकडपट्ट्यांनी बांधावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

सारांश, कोणता धातू श्रेष्ठ, हा प्रश्न अपुरा आहे. कोठे, कशाशी आणि किती काळ झुंजण्यासाठी, हे आधी विचारावे. मग पाठ केलेले गुणधर्म आपोआप कामी येतात.