कडू थेंब बंद करू नका

गेल्या हिवाळ्यात माझ्या नणंदेने काचबिंदूचे थेंब परस्पर बंद केले. मी रागावले तर म्हणाली, "वहिनी, थेंब घातले की तोंड कडू होतं. डोळा दुखत नाही, दिसतंही नीट. मग कशाला?" स्टॅनमोरला तपासणी केली तेव्हा कळले, डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी कमी झाली होती. गेलेली नजर परत येत नाही. म्हणून आज या थेंबांविषयी.

तिच्या थेंबांत डोर्झोलामाइड आहे. ते कार्बोनिक अनहायड्रेज नावाच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते. मेल्ड्रम व रफ्टन यांनी 1933 च्या सुमारास केंब्रिजला हे विकर रक्तातून वेगळे केले. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट तयार होते. फुप्फुसात हीच क्रिया उलटी होते, पाणी सुटे होते आणि वायू श्वासावाटे बाहेर पडतो. रेणूतला भाग असा सुटा करणाऱ्या किंवा परत जोडणाऱ्या विकरांच्या गटाला लायेज म्हणतात. विकराशिवायही ही क्रिया होते, पण सावकाश. विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा हे काम करू शकतो!

डोळ्यातही हे विकर असते. तिथे तयार होणाऱ्या बायकार्बोनेटमुळे डोळ्यात पाणी झिरपते. हे अश्रू नव्हेत, आतले पाणी. त्याचा निचरा नीट झाला नाही तर दाब वाढतो आणि मज्जातंतू हळूहळू मरतो. थेंबांनी विकर अडले की पाणी कमी तयार होते, दाब उतरतो. थेंब बंद केले की दाब पुन्हा चढतो, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही.

कडू चव येते, कारण थेंब नाकावाटे घशात उतरतो. यावर उपाय सोपा आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलका दाबून धरा. दुसरे थेंब असतील तर पाच मिनिटे थांबा. सल्फा औषधांची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कुणाला काचबिंदू असेल आणि तुमचे वय 40 किंवा अधिक असेल, तर इंग्लंडमध्ये एनएचएसची नेत्रतपासणी मोफत होते. साठीनंतर ती सर्वांनाच मोफत आहे. नणंदेच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, मी परवाच घेऊन गेले. तुम्हीही आपल्या माणसांना घेऊन जा.