विश्वासात नसलेल्या जोडीदारासाठी प्रार्थना



रविवारच्या मिस्साला काही भगिनी मुलांना घेऊन एकट्याच येतात. काहींचे पती त्यांना सोडायला येतात, पण देवळाच्या आवारातच थांबतात. काही घरांत याच्या उलट असते. पती रोज जपमाळ करतो आणि पत्नीचे मन मात्र श्रद्धेवरून उडालेले असते. काहींनी अन्य धर्मीय जोडीदाराशी ख्रिस्तसभेच्या परवानगीने विवाह केलेला असतो. अशा घरात देवाधर्मावरून रोज खटके उडू लागले की संसारालाच तडा जाऊ लागतो. मग आपण म्हणतो, “प्रभू, याला बदल.” ही प्रार्थना चुकीची नाही. पण ती कशी करावी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पवित्र शास्त्र काय सांगते?

संत पौलाच्या काळीही अशी घरे होती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात तो सांगतो, की विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र नांदायला तयार असेल, तर त्याला सोडू नये. विश्वासू जोडीदारामुळे तोही पवित्र होतो. म्हणजे ज्या घरात एकच जण प्रार्थना करतो, तेही घर देवाच्या कृपेबाहेर नाही. पुढे पौल पत्नीला आणि पतीलाही विचारतो, की तू आपल्या जोडीदाराला तारशील की नाही, हे तुला काय ठाऊक? याचे उत्तर तो देत नाही. ते देवाच्या हाती ठेवतो.

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात पत्नींना सांगतो, की वचन न मानणारे पती पत्नीचे शुद्ध वर्तन पाहून, एका शब्दावाचूनही जिंकले जातील. त्याच अध्यायात पतींनाही बजावलेले आहे. पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनेत अडथळा येईल. घरात जोडीदाराचा अपमान करायचा आणि देवळात त्याच्यासाठी मेणबत्ती लावायची, हे एकमेकांशी जुळत नाही.

संत मोनिकाचे घर

संत मोनिका ही उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावची. हे ठिकाण आजच्या अल्जीरिया देशात आहे. तिचा पती पात्रिसियस ख्रिस्ती नव्हता. तो शीघ्रकोपी होता आणि पत्नीशी एकनिष्ठही नव्हता. सासूही सुरुवातीला दासींच्या चहाड्या ऐकून मोनिकावर रागावलेली असे. हे सर्व तिचा मुलगा संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात, ‘कन्फेशन्स’च्या ९ व्या भागात लिहून ठेवले आहे.

मोनिका काय करीत असे? पती संतापलेला असताना ती शब्दाला शब्द लावीत नसे. तो शांत झाला, की आपली बाजू समजावून सांगे. म्हणजे ती मुकी राहिली नाही. तिने बोलण्याची वेळ निवडली. दोन बायका एकमेकींविषयी तिच्याकडे कडवट बोलल्या, तर त्यांतले समेटाच्या उपयोगाचे तेवढेच ती दुसरीला सांगे. सासूचे मनही तिने अशाच सोशिकपणाने जिंकले. ऑगस्टीनचा जन्म ३५४ सालचा. पात्रिसियसचा स्नानसंस्कार त्याच्या आयुष्याच्या अखेरीस, ३७१ च्या सुमारास झाला. म्हणजे मोनिकाने सतराहून अधिक वर्षे वाट पाहिली. २७ ऑगस्टला आपण तिचा सण पाळतो.

आपल्या हयातीत फळ दिसले नाही तर?

पॅरिसच्या एलिझाबेथ लेसूर (१८६६–१९१४) हिचा विवाह १८८९ मध्ये डॉ. फेलिक्स लेसूर याच्याशी झाला. तो नास्तिक होता आणि तिच्या श्रद्धेची थट्टा करी. तिने वाद घालणे सोडले. स्वतः अभ्यास केला, आजारपणातील दुःख त्याच्यासाठी देवाला अर्पण केले आणि मनातले दैनंदिनीत लिहिले. ती वारली तेव्हा पती नास्तिकच होता. पुढे ती दैनंदिनी त्याच्या हाती लागली. तो श्रद्धेकडे परतला आणि १९२३ मध्ये डोमिनिकन संघाचा धर्मगुरू झाला. एलिझाबेथने यातले काहीच पाहिले नाही. तरी तिची प्रार्थना वाया गेली, असे आपण म्हणू का?

घरी आपण काय करावे?

१. मागणे मांडण्यापूर्वी जोडीदाराबद्दल आभार माना. त्याचे कष्ट, मुलांवरची माया, आजारपणात केलेली सेवा आठवा. नुसती तक्रार करून उठलो, तर मन आणखी कडू होते.

२. प्रार्थनेचा टोमणा करू नका. त्याला ऐकू जावे म्हणून मोठ्याने “पाप्यांचे मनपरिवर्तन कर” म्हणणे, ही प्रार्थना नव्हे.

३. प्रार्थना सभा व नोव्हेना यांपायी घर वाऱ्यावर सोडू नका. आपल्या भक्तीमुळे आपण घरात अधिक प्रेमळ झालो, असे त्याला जाणवले पाहिजे.

४. मुलांना मध्ये घालू नका. “पप्पा देवाला मानत नाहीत” असे त्यांच्या मनात भरवू नका.

५. नाताळला वा मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला त्याला प्रेमाने बोलवा. तो नाही म्हणाला, तर अबोला धरू नका.

६. जोडीदार अन्य धर्मीय असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. विवाहाच्या वेळी आपला विश्वास जपण्याचे आणि मुलांना कॅथोलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचे वचन कॅथोलिक व्यक्ती देते. दुसऱ्याला त्याची कल्पना दिली जाते. धर्म बदलण्याचे वचन त्याने दिलेले नसते. त्याचे स्वातंत्र्य देवही हिरावून घेत नाही.

एक महत्त्वाचा इशारा

संत मोनिकाचे नाव सांगून कोणी कोणाला मार सोसायला लावू नये. मारहाण होत असेल, मुलांना धोका असेल, तर सुरक्षित ठिकाणी जाणे हे पाप नाही. जोडीदारापासून शरीराला वा मनाला गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेचा कायदाच देतो (नियम ११५३). पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात म्हटले आहे, की कधीकधी वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते. आपल्या देशात महिलांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही मदतवाहिनी आहे. धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोला. क्षमा करणे म्हणजे पुन्हा मार खायला परतणे नव्हे. दूर राहूनही त्याच्यासाठी प्रार्थना करता येते.

कुटुंबात विचार करण्यासाठी

• गेल्या आठवड्यात मी जोडीदाराविषयी देवाशी किती बोललो आणि इतरांशी किती?
• माझ्या वागण्यातून त्याला देवाविषयी काय समजते?
• आपल्या शेजारी अशी एकटी येणारी व्यक्ती आहे का? तिला आपण जवळ बसवतो का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू काना गावच्या लग्नघरी आलास, तसा आमच्या घरीही ये. माझ्या जोडीदारावर माझ्यापेक्षा तुझे प्रेम अधिक आहे. कधी बोलावे आणि कधी थांबावे, हे मला शिकव. माझ्या मनातला राग काढून टाक. आमच्या घरात शांती नांदू दे आणि तुझ्या वेळेची वाट पाहण्याचे बळ मला दे. आमेन.