बेरीचा वाटा

चिमे, काल रात्री तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी होते. "ताई, सगळं आहे गं, तक्रार करावी असं काही नाही. पण घरात असून घरात असल्यासारखं वाटत नाही," असं तू म्हणालीस आणि लगेच विषय बदलून गॅलरीचं काढलंस. लाकडी फरशी, झोका, पिवळ्या दिव्यांच्या माळा. कुणाच्या तरी घराचे फोटो पाहिलेस आणि वाटलं, एवढं केलं की बरं वाटेल. कर की, हौसेनं कर. पण पैसे घालण्याआधी माझं थोडं ऐकून घे. आईच्या मागे तुला हे सांगणारी मीच आहे, म्हणून सांगते.

आज सकाळी तूप कढवलं. आठ-दहा दिवसांची साय साठली होती. काल रात्रीच विरजणाचं भांडं फ्रिजमधून बाहेर काढून ठेवलं होतं. आता वैशाख तोंडावर आलाय, त्यामुळे घुसळताना गार पाणी घालावं लागलं, नाहीतर लोणी पातळ होऊन हाताला येतच नाही. तुला आठवतं का, रवी फिरवताना आधी ती कशी जड जड होत जाते, हात भरून येतो, आणि मग एका क्षणी एकदम हलकी होते? लोणी सुटलं, हे डोळ्यांच्या आधी मनगटाला कळतं. वर पिवळसर पांढरे कण, खाली निळसर ताक. गोळा करून दोन-तीन पाण्यांनी धुतलं आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवलं.

तिथून पुढचं सगळं कानांनी करायचं काम. आधी तडतड, तडतड. ते लोण्यातलं पाणी उडत असतं. तोवर घाई नसते. तो आवाज हळूहळू बारीक होत थांबला की मात्र तिथून हलायचं नाही. तळाशी बदामी रंग धरू लागतो आणि घरभर तो वास सुटतो. दुधातली प्रथिनं आणि दुधातली साखर तळाशी खरपूस भाजली जातात, त्याचा तो वास. गॅस बंद केला, विड्याचं पान सोडलं, ते चुरचुरून कुरकुरीत झालं. तूप गाळून बरणीत भरलं आणि पातेल्याच्या बुडाशी राहिली बेरी.

आता खरं सांगायचं ते इथून.

गेली कितीतरी वर्षं मी अशीच तूप कढवते. बेरी खरवडून वाटीत काढते, वर साखर घालते. मुलं लहान होती तेव्हा त्यांना देत होते, आता ह्यांना देते. मग पातेल्यात गरम पाणी ओतते, साबण घालते आणि पुढच्या कामाला लागते. काल तुझं बोलणं डोक्यात घोळत होतं म्हणून असेल, आज चमचा हातात धरून मी थांबले. मी स्वतः बेरी शेवटची कधी खाल्ली, ते मला आठवेना. न खाण्यामागे उपास नाही, पथ्य नाही, कुणी नको म्हटलेलं नाही. घुसळलं मी, कढवलं मी, वास आधी माझ्या नाकात गेला, आणि त्यातली सगळ्यात गोड गोष्ट दर वेळी मी कुणाला तरी देऊन टाकत होते. आणि वर, मला तसलं काही लागत नाही, असं कौतुकानं सांगतही होते.

मग आई आठवली. मला आपलं वाटत होतं की आईही अशीच होती, सगळं वाटून टाकणारी. पण डोळे मिटले आणि नीट आठवलं. आई आपल्या दोघींच्या दोन वाट्या भरायची, हे खरं. पण पुढचं आपण विसरलो. त्यानंतर ती त्या पातेल्यात आदल्या रात्रीचा भात टाकायची, मीठ घालायची, हातानं बुडापासून सगळीकडे घोळवायची आणि पातेलं मांडीवर घेऊन मागच्या दारात बसायची. पाय पायरीवर सोडलेले. समोर ती शेवग्याची सावली. तेवढ्या वेळात आजीनं हाक मारली तर "आले" म्हणायची. पण यायची नाही. शेवटचा घास होईतो उठायची नाही.

चिमे, मला आज असं वाटतं की आईनं तिचा वाटा कधी सोडला नव्हता. तो मी सोडला, आणि आता तूही सोडतेयस.

तुझ्या घरात आनंद नाही असं नाहीये गं. तू तो रोज करतेस. सकाळी आल्याचा चहा, संध्याकाळी लेकीच्या केसांना तेल, रविवारी सगळ्यांना आवडतं म्हणून थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. सगळ्यांना ते सुख पोचतं. तू मात्र ते करणारी राहतेस, घेणारी होत नाहीस. ज्या घरात आपण फक्त करतो, ते काही दिवसांनी कामाची जागा वाटायला लागतं. मग घरात असून घरी असल्यासारखं कसं वाटेल? म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की नवीन सुख आणायच्या आधी, जे घरात रोज होतं त्यातला तुझा वाटा तू काढून ठेव. आणि तो उरलासुरला ठेवू नकोस. गरम असताना ठेव.

आपल्या आधीच्या बायकांना हे कळत होतं. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसायचं म्हणजे कष्टच होते, त्याचं मला मुळीच कौतुक करायचं नाही. गिरण्या आल्या तेव्हा बायका सुटल्या, बरं झालं. पण त्या कष्टातसुद्धा त्यांनी स्वतःसाठी ओवी ठेवली होती. दळलेलं पीठ घरादाराचं, ओवी तिची. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. विचार कर, केवढा हा ठेवा! माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल, सासूचा जाच, सगळं त्यात आहे. दिवसभरात जे बोलायची सोय नव्हती ते त्या पहाटे गाऊन घेत होत्या. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात, हातातलं काम चालू असताना त्यांना गाणी सुचत गेली. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. पुस्तक होईल म्हणून त्या गात नव्हत्या. काम करता करता त्यांनी आपला वाटा काढून घेतला होता.

आता म्हणशील, ताई, मी नेमकं करू काय? तर ऐक.

पहिलं म्हणजे चहा. मी तुझ्याकडे आले होते तेव्हा पाहिलं ना! सगळ्यांचे कप भरून देतेस आणि तुझा कप ओट्यावर साय धरत बसतो. मग तो गटागटा पिऊन टाकतेस, उभ्याउभ्या. उद्यापासून तुझा कप आधी गाळ आणि बसून पी. ओट्याला टेकून उभं राहणं म्हणजे बसणं नव्हे. दहा मिनिटांनी डबे भरले म्हणून कुणाची शाळा चुकत नाही.

दुसरं तुझ्या गॅलरीचं. झोका पुढच्या वर्षी घे. यंदा बारा इंची कुंडीत एक मोगरा लाव. पाच-सहा तास ऊन येतं ना तिथे? बस झालं. जानेवारीत छाटणी करायची, थोडे दिवस पाणी कमी करायचं, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. उन्हाळ्यात फुटव्याफुटव्याला कळ्या येतात. दुपार कलली की टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या कळ्या खुडायच्या आणि ओल्या फडक्यात ठेवायच्या. रात्री उशाशी वाटीत ठेवल्यास की काळोखात त्या उमलतात. दिवा घालवल्यावर वास एकदम जवळ येतो. देवाला वाहा, लेकीच्या वेणीत माळ, पण दोन कळ्या तुझ्या उशाशी. त्या कुणाला द्यायच्या नाहीत.

आणि तिथेच सावलीत एक माठ ठेव. नवा माठ आधी दिवसभर पाण्यात भिजव, खाली ओल्या वाळूचं ताट ठेव, आत वाळ्याची जुडी सोड. तुमच्या ठाण्याच्या दमट हवेत तो आपल्या साताऱ्यासारखा गार होणार नाही, ते आधीच सांगते. माठाच्या अंगातून पाणी झिरपून हवेत उडून जातं, म्हणून आतलं गार होतं. हवाच ओली असेल तर ते उडणार कसं? म्हणून वारा लागेल अशा कोपऱ्यात ठेव. आणि थोडा कमी गार झाला तरी वाळ्याचा वास काही कमी होत नाही. ऑफिसचं काम आटोपून लॅपटॉप मिटलास की पहिलं ते पेलाभर पाणी. फोन न बघता.

तिसरी गोष्ट वेळेची. आजी आपल्याला गीतरामायणाबद्दल सांगायची ना? 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत. आठवड्याला एक नवं गाणं, अशी वर्षाहून थोडा अधिक काळ 56 गाणी. आजीच्या घरी रेडिओ नव्हता, ती शेजारी जायची. हातातली कामं आटपून, लुगडं बदलून, उदबत्ती घेऊन. गाणं काही मिनिटांचं, पण तिच्या आठवड्याला त्यानं आकार आला होता. त्या वेळी आजीला कुणी काम सांगायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

आपल्याकडे आता हवं ते गाणं हव्या त्या क्षणी लागतं, म्हणून ते भांडी घासताना मागे वाजत राहतं आणि संपल्याचंही कळत नाही. तू एक वेळ ठरव. शनिवारी दुपारी चार म्हण, काहीही म्हण. त्या वेळी एक गोष्ट, फक्त तुझी. गाणं असेल, दिवाळी अंकातली राहिलेली कथा असेल, नुसतं फरशीवर आडवं होणं असेल. घरातल्यांना सांगून ठेव. पहिले दोन-तीन आठवडे हाका येतील. चौथ्या आठवड्यापासून लेकच सांगेल, "आईची वेळ आहे." तिला ते आत्ता कळलं तर तिला पुढे माझ्यासारखी पन्नाशी गाठावी लागणार नाही.

आता एक गोष्ट मला स्पष्ट बोलू दे, कारण नुसतं गोड बोलले तर मी कसली ताई. मोगरा आणि माठ यांनी तुझं काम कमी होत नाही. रात्री साडेदहाला तू एकटी ओटा आवरत असशील तर त्यावर सुगंधी कळ्या हा उपाय नाही. त्यावर उपाय म्हणजे जावईबापूंनी उठून ओटा आवरणं, आणि ते तू त्यांना सरळ शब्दांत सांगणं. ते समंजस आहेत. पण न सांगता कळेल अशी वाट बघत तू आत कुढत बसतेस, लहानपणापासून तुझी ती सवय आहे. छोट्या सुखात आनंद मान, असं म्हणून बाईला गप्प बसवलेलं मी पुष्कळ पाहिलंय. मी तुला मानायला सांगत नाहीये. घ्यायला सांगतेय.

आणि हेही लक्षात ठेव. आवडीची गोष्ट समोर असूनही काहीच वाटत नाही, झोप लागत नाही, उगाच रडू येतं, असं दोन आठवडे रोज होत राहिलं, तर ते मनाचं दुखणं असू शकतं. त्यात लाज कसली? ताप आला तर आपण डॉक्टरांकडे जातोच ना, तसंच जायचं. सरकारची टेलिमानस म्हणून मोफत सेवा आहे, 14416 हा नंबर, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि माझा नंबर तर तुला पाठच आहे.

आज मी काय केलं माहितेय? बेरीच्या दोन वाट्या केल्या. एक ह्यांना दिली. दुसरी माझी. आणि पातेल्यात कालचा मूठभर भात घातला, मीठ घातलं, आईसारखा हातानं घोळवला आणि मागच्या दारात जाऊन बसले. शेवगा आता नाही, पण पायरी तीच आहे. पहिल्याच घासाला आई इतकी जवळ आली की डोळे भरले. खरपूस, किंचित खारट, मध्येच बेरीचा एखादा राहिलेला कण दाताखाली. आतून ह्यांनी हाक मारली, चष्मा कुठे ठेवलाय म्हणून.

"आले," म्हणाले मी. आणि बसून राहिले. चष्मा त्यांना सापडला.

तुझ्या फ्रिजमध्येही साय साठलेली असणार, मला ठाऊक आहे. या रविवारी तूप कढव. वाट्या भरताना तुझी विसरू नकोस. मागचं दार तुझ्या घराला नाही, तर गॅलरीत जाऊन बस, खाली फरशीवर, पाय पसरून. हाक येईल. येऊ दे. "आले" म्हण, आणि पातेलं रिकामं होईतो उठू नकोस. मला फोन त्यानंतर कर.