थांबलीस तरी आरसा बघ

अगं, परवा म्हणालीस, "ताई, गाडी चालवायची भीती वाटत नाही, पण गर्दीत थांबले की छातीत धडधडतं." बघ, त्यात तुझं काही चुकत नाही. पुढे ट्रक, मागे एसटी, शेजारी ऑटो आणि मध्ये तू एका पायावर. कुणालाही धडधडेल.

खरं सांगू का, गाडी थांबली की काम संपलं असंच मलाही वाटायचं. यवतमाळला दत्त चौकात थांबले की लगेच न्यूट्रल, दोन्ही पाय खाली आणि डबा सांडला का ते बघायला पिशवीत हात. एकदा मागून कर्रकन ब्रेक लागला. वळून बघते तर टेम्पो माझ्या नंबरप्लेटपासून वीतभर लांब! निसटायचं म्हटलं तर गाडी गिअरमध्ये नाही आणि पुढच्या ट्रकला मी चिकटलेली. त्या रात्री घास उतरला नाही गं.

तेव्हापासून पुढच्या गाडीचं मागचं चाक रस्त्याला टेकलेलं दिसेल एवढी जागा सोडते. तूही सोड. अगदी तिच्या मागे मधोमध नको, जरा कडेला राहा, म्हणजे निघायला फट राहते. क्लच दाबून पहिला गिअर, डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर. ब्रेक दाबलेला असला की मागचा लाल दिवा ठळक पेटतो, अंधार पडल्यावर तोच तुझी राखण करतो. नजर आरशात. मागे एक-दोन गाड्या येऊन नीट उभ्या राहिल्या, की मग घे न्यूट्रल. जागा का सोडली म्हणून कुणी हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

ट्रक-एसटीच्या डाव्या कुशीत मात्र शिरू नकोस. त्यांच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस. डावीकडे वळताना मागचं चाक आत येतं, ते वेगळंच.

आणि आपल्या बोरी अरबला अडाण नदीला पूर आला आणि पुलाअलीकडे रांग लागली, तर गाडीवर बसून वाट बघू नकोस. कडेला स्टँडवर लाव आणि उतरून बाजूला हो.

हेल्मेटचा पट्टा घामानं चिकचिकतो, माहीत आहे मला. तरी थांबल्यावर सोडायचा नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, नाहीतर दंड. तुझ्या पिल्लूला तर पुढे टाकीवर अजिबात बसवू नकोस बाई, थांबलेल्या गाडीची मूठ पोरं पटकन पिळतात. चार वर्षांखालच्या लेकराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, असा २०२३ पासून नियमच आहे.

तुला जमेल गं, हात चांगला बसलाय तुझा. रविवारी ये, अर्धा तास नुसतं थांबायचं आणि निघायचं करू. येताना उजव्या आरशाचा नट पान्यानं आवळून आण. मागच्या वेळी तो डुगडुगत होता.