एक्सचेंज ऑफर: जुन्या गाडीचे खरे किती मिळतात?

चाळीसगावहून धुळ्या-जळगावच्या शोरूमला निघण्याआधी आजच्या व्हिडिओतला हिशोब वहीत मांडा.

1. दोन ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या, जुनी गाडी देऊन आणि न देता. समजा न देता 8,00,000 आणि देऊन 5,80,000. सेल्समन भले 2,50,000 सांगो, तुमच्या गाडीचे आले 2,20,000च. बाकीचे 30,000 नवीन गाडीच्या डिस्काउंटमधून गेले.

2. हा आकडा बाहेरच्या भावाशी ताडून बघा.

3. गाडीवर जीव आहे? मग तिची वर्षाची दुरुस्ती आणि विमा एकीकडे, नवीनचे वर्षाचे हप्ते आणि विमा दुसरीकडे लिहा. 15 वर्षांनंतर फिटनेस पास झाली तर नोंदणी 5 वर्षं वाढते. ग्रीन टॅक्स लागतो, तोही धरा. कन्नड घाट बिनधास्त चढत असेल आणि खर्च हप्त्यांपेक्षा कमी असेल, तर खुशाल ठेवा.

4. दिलीच, तर आरसीवरचं नाव बदलेपर्यंत पिच्छा सोडू नका. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकाचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंय.

आधी आकडे लिहा, मगच सही करा.