धर्माचा अभ्यास करायचा म्हणजे खायचं काय?

मागच्या जूनमध्ये एक पालक मुलीला घेऊन घरी आले. मुलगी बी.ए. झालेली, तत्त्वज्ञान विषय घेऊन. वडील म्हणाले, "सर, हिला धर्माचा अभ्यास करायचाय म्हणे. म्हणजे कीर्तन करायचं का हिनं?" लातुरात अकरावीच्या ॲडमिशनपासून घरोघरी नीटचे मार्क मोजले जातात, तिथं हा प्रश्न येणारच. त्यांना हसलो नाही. त्यांच्या प्रश्नाचा खरा अर्थ होता, याला पैसा कोण देणार आणि लेकराला कुठं कुठं जावं लागणार. त्या दिवशी त्यांना तुटक तुटक सांगितलं, ते इथं सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत ज्याला थिऑलॉजी म्हणतात त्याला आपण पटकन 'धर्मशास्त्र' म्हणतो, पण मराठीत धर्मशास्त्र म्हटलं की स्मृतिग्रंथ, वारसाहक्क, प्रायश्चित्त असं सगळं डोळ्यांसमोर येतं. पां. वा. काण्यांनी ज्याचा इतिहास लिहिला ते शास्त्र वेगळं. इथं मी 'धर्माभ्यास' म्हणतो. तो विद्यापीठात वेगवेगळ्या पाट्यांखाली सापडतो : तत्त्वज्ञान, पाली, संस्कृत, इस्लामी अभ्यास, धर्मांचा तुलनात्मक अभ्यास. पाटी वेगळी म्हणून पोरं दार ओळखत नाहीत, निम्मी अडचण तिथंच होते.

या वाटेनं आपली माणसं फार पूर्वी गेलीत. विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे. फर्ग्युसनमधून बी.ए. झाले आणि 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करायला गेले. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं, घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्ती युनिटेरियन पंथाच्या संस्थेची होती, आणि सयाजीराव गायकवाडांचाही हात पाठीशी होता. परतायच्या आधी 1903 मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेला जाऊन आले. ते विलायतेला धर्म शिकायला गेले आणि तीन वर्षांनी, 1906 साली, त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. 'धर्म शिकून काय होतं' असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो.

दुसरे धर्मानंद कोसंबी, गोव्याचे. यांना तर कुणी शिष्यवृत्ती दिलीच नाही सुरुवातीला. 1899 मध्ये घर सोडलं, पुणं, ग्वाल्हेर करत काशीला पोचले, तिथं अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढं नेपाळ, बोधगया आणि मग सिंहलद्वीप, पाली शिकण्यासाठी. कलकत्त्यात नोकरी लागली तेव्हा सयाजीरावांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. कलकत्त्याचा पगार जास्त होता, तरी त्यांनी हे घेतलं. पुढं 1910 मध्ये हार्वर्डला बोलावणं आलं ते पालीमुळंच.

या दोघांची गोष्ट पोरांना सांगताना मी अटीपाशी थांबतो. पैसा देणाऱ्याची अट असतेच. ती आधी वाचायची, नंतर नाही.

आता आजची दारं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे यूजीसी-नेट. त्यात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, पाली, प्राकृत, बौद्ध-जैन-गांधी अध्ययनही आहेत. जेआरएफ लागली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये. साधारण वयोमर्यादा 30, मुलींना आणि राखीव प्रवर्गाला पाच वर्षांची सूट. नेटचा विषय एम.ए.च्या विषयाशी जुळावा लागतो, म्हणून एम.ए. निवडतानाच नेटची यादी समोर ठेवा. शिवाय आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात, पण पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावर. एम.ए.च्या दोन वर्षांसाठी महाडीबीटीवरची नेहमीची शिष्यवृत्ती, एवढंच. तत्त्वज्ञानवाल्यांसाठी आयसीपीआर ही वेगळी संस्था आहे, तिची अधिछात्रवृत्ती आपल्याकडं फार कमी पोरं मागतात.

परदेशाचं जरा नीट ऐका. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या, भटक्या-विमुक्तांच्या आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी आहे. 2022 पासून तिच्या नियमात एक ओळ आली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास असा विषय असेल तर ती मिळत नाही. म्हणजे नांदेडच्या एखाद्या बौद्ध पोराला बाबासाहेबांच्या धम्मावर लंडनला जाऊन संशोधन करायचं असेल, तर या दारातून आत जाता येत नाही. मला हा नियम पटलेला नाही. आपल्याच धर्माचा अभ्यास बाहेर जाऊन करू नये, हे शिंद्यांना कुणी सांगितलं असतं तर? पण नियम आहे तोवर तो माहीत हवा, नाहीतर वर्ष वाया जातं. त्यापेक्षा राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा : अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी 75 जागा. तिथं विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्या वर्षीची जाहिरात वाचूनच विद्यापीठ निवडा. अल्पसंख्याक मुलांची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती 2022-23 पासून बंद आहे. अजून तिच्या आशेवर थांबलेली पोरं मला भेटतात.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी वाट वेगळी. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती मुळात यवतमाळची, 1983 मध्ये पुण्याला आली. पदवी सेरामपूरची. तिथं जायला मंडळीच्या पाळकाची शिफारस लागते, तेव्हा आधी आपल्या चर्चमध्ये बोला.

इंटर्नशिप म्हटलं की पोरांना काचेचं ऑफिस दिसतं. या विषयात इंटर्नशिप म्हणजे पोथी, माणूस आणि जागा. बहुतेकदा पैसे मिळत नाहीत, खरं आहे. पण आपल्या दोन जिल्ह्यांत जे आहे ते पुण्याच्या पोरांना तिकीट काढून बघायला यावं लागतं. संत नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांचं नरसी आपल्या शेजारच्या हिंगोलीत, आणि ग्रंथ साहिबाचं रोजचं पठण नांदेडच्या हजूर साहिबला. मराठी गाथा हातात घेऊन गुरुमुखी शिकायला याहून सोयीचं गाव महाराष्ट्रात नाही. तिथून सचखंड एक्सप्रेसनं थेट अमृतसर. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्माध्ययनाचा जुना विभाग आहे. लातूरच्या लिंगायत घरांतल्या मुलांना बसवकल्याण म्हणजे सीमेपलीकडचं शेजारचं गाव. माहूरला दत्त, रेणुका आणि महानुभाव एकाच डोंगररांगेत भेटतात. एका सुट्टीत एका ठिकाणी पंधरा दिवस राहून, लोकांशी बोलून वीस पानांची टिपणं केली, तर पुढच्या प्रत्येक अर्जात ती कामाला येतात.

वेळेचंही बघा. परदेशी विद्यापीठांचे बरेचसे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. आपला निकाल लागतो जून-जुलैत. म्हणून तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षात सुरू करावी लागते : पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, जात आणि उत्पन्नाचे दाखले. तहसीलला ऐनवेळी काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू.

शिक्षकांनो, शिफारसपत्र आपल्याकडं असतं. 'विद्यार्थी हुशार, प्रामाणिक व होतकरू आहे' असं छापील पत्र देऊ नका. त्यानं काय वाचलं, वर्गात कोणता प्रश्न विचारला, टिपणात काय शोधलं ते लिहा. त्या मुलीला मी तेच सांगितलंय. दिवाळीच्या सुट्टीत ती नरसीला जाणार आहे, आणि वडील सोबत येतो म्हणालेत.