काटे मोजून जात कळत नाही

भाची : मामा, तुझ्या या पुस्तकात छापताना घोळ झालाय. दोन फोटो, खाली नाव एकच. एकाला दाभणासारखे काटे आणि दुसरा चक्क गुळगुळीत!

मामा : घोळ नाही. दोन्ही एकिनोसेरियस ट्रायग्लोचिडिएटसच. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या कोरड्या डोंगरांत वाढतो. एंगलमान नावाच्या डॉक्टरनं १८४८ साली त्याला हे नाव दिलं. फुलं लालभडक, हमिंगबर्ड त्यावर येतात.

भाची : पण कॅक्टस ओळखायचा तो काट्यांवरूनच ना?

मामा : कॅक्टस आहे की नाही, एवढं ठरवायला काट्यांची जागा उपयोगी पडते. काटे लवदार ठिपक्यातून निघतात, त्याला एरिओल म्हणतात. आपल्या कुंपणावरच्या त्रिधारी निवडुंगाला एरिओल नाही, मोडला की चीक येतो. तो कॅक्टसच नव्हे. त्यापुढे मात्र काट्यांवर फार विसंबू नकोस. पश्चिम कोलोरॅडो आणि पूर्व युटामध्ये हा बिनकाट्याचा प्रकार सापडतो. अमेरिकी सरकारनं १९७९ साली त्याला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घातलं आणि १९९३ मध्ये काढून टाकलं.

भाची : म्हणजे वाचला तो?

मामा : वेगळा असा तो नव्हताच! नीट पाहणी झाली तेव्हा कळलं, की गुळगुळीत झाडं काटेरी झाडांच्या वस्तीतच, त्यांच्या शेजारी वाढतात. मग त्याला वेगळं धरायचं कशाच्या आधारावर? एकिनोसेरियस एंगलमानी या दुसऱ्या जातीच्या जांभळ्या काट्यांच्या प्रकाराचंही तेच झालं. यादीत आला १९७९ला, बाहेर गेला १९८९ला.

भाची : मग आधी वेगळं नाव देणाऱ्यांनी हे पाहिलं नव्हतं?

मामा : नाव ज्या एका वाळवलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं, तो सरासरी असेलच असं नाही. त्यातून गोळा करणाऱ्याची नजर कुठे जाते? सगळ्यात विचित्र दिसणाऱ्या झाडावर. तेच उचललं जातं, तेच युरोपातल्या नर्सरीत जातं आणि नवी जात म्हणून विकलंही जातं. जर्मनीच्या बॅकेबर्गनं १९५८ ते १९६२ या काळात कॅक्टसवर सहा जाडजूड खंड काढले. माणूस अफाट कष्टाळू, पण जरा फरक दिसला की नवं नाव! त्यातली कितीतरी नावं पुढे एकमेकांत मिसळून टाकावी लागली.

भाची : पण फरक खरा आहे की नाही, हे ठरवायचं कसं? ऊन-सावलीनंही झाड बदलत असेल.

मामा : बदलतं ना. सावलीत अंग लांबतं, काटे बारीक होतात. पावसानंतर अंग फुगतं, उन्हाळ्यात धारा आत ओढल्या जातात. वयानं तर धारांची संख्याही बदलते. मेक्सिकोतल्या ॲस्ट्रोफायटम मायरिओस्टिग्माला साधारण पाच धारा असतात, पण चार धारांची झाडंही आहेत आणि जुन्या झाडांना पाचापेक्षा जास्तही येतात. म्हणून दोन ठिकाणचं बी आणून एकाच वाफ्यात, एकाच मातीत लावायचं. फरक उरला तर तो रक्तातला, नाहीसा झाला तर हवापाण्याचा.

भाची : आणि तो रक्तातला निघाला की जात वेगळी?

मामा : तेवढ्यानं नाही. एकाच आईची लेकरंही सारखी नसतात. अख्खी वस्ती बघायची. एका टोकाला गुळगुळीत, दुसऱ्या टोकाला काटेरी आणि मध्ये सगळ्या छटा असतील, तर ती एकच जात. मधली झाडं गायब असतील, शेजारी वाढूनही दोघांची फुलं एकमेकांना फळत नसतील, तर कान टवकारायचे. फूल, फळ, बी हे अवयव काट्यांइतके चंचल नसतात. जिम्नोकॅलिशियम नावाच्या कॅक्टसांचे गट तर बियांवरूनच पाडतात.

भाची : म्हणजे एकत्र करत जायचं, हाच शहाणपणा?

मामा : बेन्सनला तसंच वाटायचं. त्यानं १९८२ साली अमेरिका आणि कॅनडाच्या कॅक्टसवर मोठा ग्रंथ लिहिला आणि आज ज्याला एकिनोसेरियस कॉक्सिनियस म्हणतात, त्याला ट्रायग्लोचिडिएटसमध्येच टाकलं. दिसायला सारखे, फुलं लालच. पण गुणसूत्रं मोजली तर ट्रायग्लोचिडिएटसमध्ये २२ आणि कॉक्सिनियसमध्ये ४४. दुपटीचा फरक असला की संकराची संतती सहसा वांझ निघते. बॅकेबर्गपेक्षा बेन्सन मला जवळचा, पण इथे त्यानं जास्तच उदारपणा केला.

भाची : गंमतच आहे. वेगळे दिसतात ते एक आणि सारखे दिसतात ते दोन!

मामा : आपल्याकडे हे किड्यानं दाखवून दिलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंगासाठी कॉचिनील किडा हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून आणला, पण तो निघाला भलताच. रंग राहिला बाजूला, त्यानं ओपन्शिया मोनाकँथा हा निवडुंग फस्त केला. ओपन्शिया डिलेनाय मात्र शाबूत राहिला. माणसाला दोन्ही फड्या निवडुंगच, किड्याला मात्र फरक कळत होता. डिलेनायला आवरायला १९२६ मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणावा लागला.

भाची : मग डोंगरावर उभं राहून कॉक्सिनियस आणि ट्रायग्लोचिडिएटस ओळखताच येणार नाहीत? गुणसूत्रं मोजायचं यंत्र काही खिशात नसतं.

मामा : फुलं असतील तर काही ठिकाणी जमतं. कॉक्सिनियसच्या बऱ्याच वस्त्यांत नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीच्या फुलात पुंकेसर दिसतात, पण पराग नसतो. बोट फिरवून बघायचं, पिवळी पूड लागते का. एका झाडावर नाही, निदान दहा-वीस झाडांवर.

भाची : आणि फुलं नसतील तर?

मामा : तर वहीत ठिकाण, उंची आणि तारीख लिहायची, नावाची जागा कोरी ठेवायची आणि मे महिन्यात परत यायचं.